बोट ट्रेलरची जुळणी: रस्त्यावर स्थिर, उतारावर सोपा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण १२ ते १८ फुटी बोट जीप किंवा एसयूव्हीच्या मागे ओढून नेणाऱ्यांसाठी हे पान आहे. पुण्याच्या आसपासच्या धरणांवर शिडाच्या होड्या नेणारे, मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांच्या बोटी चालवणारे, पूरकाळात बचावबोट घेऊन निघणारे आणि सुट्टीत खाडीत मासे धरायला जाणारे हौशी लोक, सगळ्यांच्या अडचणी जवळपास सारख्याच असतात. आपल्याकडचे बरेच ट्रेलर गावातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेले असतात. काम मजबूत असतं, पण त्याला बोटीची लांबी-रुंदी सांगितलेली असते आणि वजन नेमकं कुठे पडतं हे कोणी सांगितलेलं नसतं. पुढचे बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात.

ट्रेलर आधी रस्त्यासाठी जुळवायचा की पाण्यासाठी?

रस्त्यासाठी, आणि यात तडजोड करू नका. बोट मागे सरकवली की ती पाण्यात पटकन उतरते, म्हणून अनेकजण नकळत वजन मागे नेतात. तोच ट्रेलर ताशी ६० किलोमीटरवर डुलायला लागतो. उतरवणं सोपं करण्याचे मार्ग वेगळे आहेत: शेवटचा रोलर, गाडीला जोडणारा लांब दांडा, बंकवरच्या (बोट ज्यांवर टेकते त्या लांब फळ्यांवरच्या) प्लॅस्टिकच्या पट्ट्या, वेगळी ट्रॉली. वजनाचा तोल हा त्यातला मार्ग नव्हे.

कपलिंगवर (दांड्याच्या टोकाला गाडीशी जोडणाऱ्या भागावर) किती वजन असावं?

बोट ट्रेलरसाठी भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के. बोट, इंजिन, इंधन, बॅटरी, नांगर आणि ट्रेलर मिळून ६५० किलो भरत असतील, तर दांड्याच्या टोकावर ३३ ते ६५ किलो यायला हवेत. ४५ ते ५० हा चांगला आकडा. ३३ पेक्षा कमी असेल तर ट्रेलरची शेपटी गाडीला हलवते. फार जास्त असेल तर गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमजोर पडतात. हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) आणि गाडीच्या पुस्तिकेत उभ्या भाराची मर्यादा दिली असेल, तर ती पाळायचीच.

एकूण वजन किती ओढता येतं हेही पुस्तिकेतच बघा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत हा आकडाच नसतो. तेव्हा कंपनीला लेखी विचारा. बाहेरून हिच बसवून देणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

हे वजन घरी कसं मोजायचं?

बाथरूममधला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा. काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून कपलिंग त्यावर टेकवा. ठोकळ्याची उंची अशी घ्या, की दांडा गाडीला जोडल्यावर जिथे असतो तिथेच राहील. दांडा वर-खाली झाला तर आकडा बदलतो. जॉकी व्हील (दांड्याखालचं छोटं चाक) जमिनीला लागलेलं नाही ना, ते पाहा. शेवटी ठोकळ्याचं वजन वजा करा.

काट्याच्या क्षमतेपेक्षा वजन जास्त वाटत असेल, तर जाड फळी घ्या. एका टोकाखाली पाइपचा तुकडा आणि त्यापासून ९० सेंटिमीटरवर काटा ठेवा. कपलिंग पाइपपासून ३० सेंटिमीटरवर टेकवा. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे खरं वजन.

ट्रकच्या वजनकाट्याचा उपयोग फक्त एकूण वजनासाठी करा. तो ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने मोजतो, त्यामुळे दांड्यावरच्या भारासाठी भरवशाचा नाही. मोजताना बोटीत प्रवासात असतं तेवढंच सामान आणि तेवढंच इंधन ठेवा. मागच्या बाजूला असलेली २४ लिटरची पेट्रोल टाकी भरली की साधारण १८ किलो वाढतात, आणि तेही ॲक्सलच्या मागे.

वजन कमी आलं. बोट सरकवू की ॲक्सल?

आधी सामान सरकवा. बॅटरी, नांगर-साखळी, जादा टाकी पुढे नेल्याने काम भागत असेल तर पाना हातात घ्यायची गरजच नाही. मात्र मग ते सामान प्रत्येक वेळी तिथेच ठेवावं लागेल.

त्याने भागलं नाही तर हिशोब करा. वरचंच उदाहरण घेऊ: एकूण ६५० किलो, ॲक्सलपासून कपलिंगपर्यंत ४ मीटर, काट्यावर आले फक्त २० किलो, हवेत ४५. २० किलोचा अर्थ असा, की सगळ्या वजनाचा मध्य ॲक्सलच्या जेमतेम १२ सेंटिमीटर पुढे आहे. ॲक्सल साधारण १६-१७ सेंटिमीटर मागे नेला की ४५ किलो मिळतात. ॲक्सल तिथेच ठेवून बोट पुढे घ्यायची, तर बोट आणि तिच्यातलं सामान मिळून ४५० किलो धरलं तर सुमारे २२ सेंटिमीटर सरकवावी लागेल.

दोन्हींची किंमत वेगळी. ॲक्सल मागे गेला की चाकांच्या मागे उरलेली शेपटी आखूड होते. मागच्या टोकाला तेवढंच पाणी मिळण्यासाठी चाकं आणि हब (चाकांचे बेअरिंग असलेले मधले भाग) जास्त खोल जातात, म्हणजे उथळ उतारावर (बोट पाण्यात सोडायच्या उतरणीवर) गाडी आणखी मागे घ्यावी लागते. बोट पुढे घेतली तर विंचचा (बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा) खांबही तेवढाच पुढे न्यावा लागतो, आणि वळणावर बोटीची नाळ (पुढचं टोक) गाडीच्या मागच्या दाराला लागणार नाही ना, हे बघावं लागतं. बोटीचं मागचं टोक बंकच्या टोकाबरोबर असेल तर बोट हलवू नका, ॲक्सल हलवा. ते बंकच्या बाहेर लोंबत असेल तर आधी बोट पुढे घ्या. तो दोष तसाही काढायचाच होता.

ॲक्सल सरकवताना काय चुकतं?

ॲक्सल तिरका बसतो. मग ट्रेलर रस्त्यावर एका अंगाने चालतो आणि टायर एकाच कडेने झिजतात. यू-बोल्ट सैल करायच्या आधी दोन्ही बाजूंना चेसिसवर खडूने खुणा करा. सरकवून झाल्यावर कपलिंगच्या मध्यापासून ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत टेपने मोजा. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल, सेंटिमीटरचा नाही. पाट्यांचे (पट्टीच्या स्प्रिंगचे) ब्रॅकेट वेल्ड केलेले असतील तर ते कापून पुन्हा वेल्ड करणं हे चांगल्या वेल्डरचं काम आहे. गंजलेले यू-बोल्ट परत वापरू नका.

हिचच्या बॉलची उंची आणि माप महत्त्वाचं का?

जोडलेला ट्रेलर सपाट किंवा नाळेकडे किंचित झुकलेला हवा. नाळ वर उचललेली राहिली तर वजन मागे जातं आणि काट्यावर मोजून केलेली सगळी जुळणी वाया जाते. बॉल आणि कपलिंग एकाच मापाचे असले पाहिजेत. ५० मिलिमीटरच्या कपलिंगमध्ये त्याहून लहान बॉल वरवर नीट बसतो, कुलूपही लागतं, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात निसटतो. जोडल्यावर जॉकी व्हीलने दांडा वर रेटून बघा: गाडीचं मागचं अंग उचललं गेलं पाहिजे. सुरक्षा साखळ्या दोन असाव्यात आणि दांड्याखाली एकमेकींना ओलांडून लावाव्यात, म्हणजे कपलिंग सुटलं तरी दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत राहील.

बंक चांगले की रोलर?

बंक म्हणजे कार्पेट चढवलेल्या लांब फळ्या. त्या बोटीचं वजन पसरून घेतात, त्यामुळे फायबरच्या तळासाठी त्या उत्तम. पण बोट त्यांच्यावरून घसरायला पाणी खोल लागतं. रोलरवरून बोट कमी पाण्यात उतरते, मात्र प्रत्येक रोलर तळाच्या लहानशा जागेवर टेकतो. अशा ट्रेलरवर बोट महिनोन्महिने उभी राहिली तर फायबरला खळगे पडू शकतात.

कोकणातल्या आणि धरणांवरच्या उतारांचा विचार करता मला मिश्र रचना सर्वांत योग्य वाटते: वजन दोन लांब बंकवर, आणि ट्रेलरच्या अगदी शेवटी मध्यभागी एक रुंद पॉलियुरेथेनचा रोलर. हा रोलर बोट बसलेली असताना तळाला जेमतेम स्पर्श करेल इतकाच उंच ठेवा. बोट चढवताना नाळ आधी त्याच्यावर येते, मध्यावर राहते, आणि ट्रेलरच्या लोखंडाला घासत नाही. खर्च थोडा, फरक मोठा.

बंकवर प्लॅस्टिकच्या घसरत्या पट्ट्या बसवल्या तर बोट फार सहज सरकते. त्या बसवल्यावर एक नियम कडक पाळा: ट्रेलरची शेपटी पाण्यात जाऊन बोट तरंगायला लागेपर्यंत विंचचा पट्टा आणि नाळेची साखळी सोडायची नाही. कोरड्या उतारावर सोडली तर बोट थेट काँक्रीटवर.

बंक नेमके कुठे बसवायचे?

तळाच्या आत लांबीच्या दिशेने जे मजबुतीचे पट्टे असतात, ज्यांना स्ट्रिंगर म्हणतात, त्यांच्या खाली. नुसत्या पातळ फायबरखाली नाही. बंकचा तिरपेपणा तळाच्या उताराशी जुळला पाहिजे. कडेवर टेकलेला बंक तळाला रेघ पाडतो. आणि लांबी: बंक बोटीच्या मागच्या टोकापर्यंत पोचलाच पाहिजे. आउटबोर्ड इंजिनचं सगळं वजन तिथे लटकलेलं असतं. बंक २० सेंटिमीटर आधी संपला तर दर खड्ड्याला तळ तिथे वाकतो, आणि कायमचा बाक आला की बोट पाण्यावर नीट पळत नाही.

स्क्रू स्टेनलेसचे घ्या आणि त्यांची डोकी लाकडात खोल बुडवा. ॲल्युमिनियमची बोट असेल तर तांबंयुक्त रसायन मुरवलेलं लाकूड टाळा. ओलाव्यात ते ॲल्युमिनियम खातं.

विंचचा खांब कसा लावू?

बोट पूर्ण बसल्यावर नाळ पुढच्या रबरी थोपवणीला घट्ट टेकली पाहिजे आणि नाळेची कडी त्या थोपवणीच्या किंचित खाली असली पाहिजे. मग ब्रेक लागला तरी बोट वर चढत नाही. विंचचा पट्टा कडीपासून सरळ किंवा थोडा वर जावा. खाली ओढणारा पट्टा बोट चढवताना नाळ दाबतो आणि काम दुप्पट जड करतो. तारेचा दोर असेल आणि त्याचे धागे तुटलेले दिसत असतील, तर आजच बदला.

उतार उथळ आहे. बोट तरंगेपर्यंत गाडीची मागची चाकं पाण्यात जातात. उपाय?

उतार साधारण दर ७-८ मीटरला एक मीटर खाली जाणारा असेल तर अडचण येत नाही. त्याहून सपाट असेल तर दांडा लांब हवा. बोल्टने जोडायचा सुटा दांडा करून घेता येतो, पण तो फक्त उतारावर वापरा. रस्त्यावर काढून ठेवा. दांडा लांबला की त्याच्यावरचा वाक वाढतो, म्हणून मूळ दांड्यापेक्षा हलका पाइप वापरायचा नाही आणि मूळ दांड्यात तो पुरेसा आत, दोन ठिकाणी बोल्ट करून बसवायचा. लांब दांड्याचा ट्रेलर रिव्हर्स घ्यायलाही सोपा, कारण तो सावकाश वळतो.

दुसरा मार्ग दोराचा. गाडी कोरड्या जागी उभी करून ट्रेलर सोडायचा आणि जाड दोराने गाडीला बांधून हळूहळू पाण्यात जाऊ द्यायचा. यासाठी जॉकी व्हील मोठं, हवेच्या टायरचं लागतं, आणि दोराच्या रेषेत कोणीही उभं राहू नये.

चढवताना उलट चूक होते, ट्रेलर फार खोल नेला जातो. मग बोट मोकळी तरंगते आणि तिरकी बसते. बंकचा पुढचा साधारण एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर राहील एवढंच मागे घ्या.

समुद्रावर कुठल्या वेळी उतरवावं?

मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. दक्षिणेला मालवणकडे तो बराच कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची (कमी चढणारी) भरती, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. पण पुण्याहून ट्रेलर घेऊन येणाऱ्याने निघण्याआधी तिथी आणि भरतीची वेळ दोन्ही बघावीत. ओहोटीला उताराचा जो खालचा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ असतं आणि टायर घसरतो. काँक्रीट जिथे संपतं तिथे अनेकदा पायरीएवढा खड्डा असतो. ट्रेलरचं चाक त्यात पडलं की बोट असताना ते वर येत नाही. म्हणून पाणी निम्म्याहून वर चढलेलं असताना उतरवा, आणि अनोळखी ठिकाणी आधी काठीने चाचपून बघा. गावातल्या तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) विचारलंत तर तो दोन वाक्यांत सांगेल.

वाळूवर गाडी नेणार असाल तर टायरमधली हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा आणि रस्त्यावर यायच्या आधी परत भरा. त्यासाठी पंप जवळ ठेवा. भरती चढत असताना पाण्याजवळ गाडी उभी करून बोटीत बसू नका.

शिडाची छोटी होडी आहे. तिलाही एवढा खटाटोप?

नाही, तिच्यासाठी याहून चांगली व्यवस्था आहे. ऑप्टिमिस्ट जातीची होडी ३५ किलोची, आयएलसीए जातीच्या होडीचं नुसतं कवच ५९ किलोचं. अशा होडीला हाताने ढकलायची हलकी ट्रॉली करा आणि ती ट्रॉलीच रस्त्याच्या ट्रेलरवर चढवून बांधा. पाण्यात फक्त ट्रॉली जाते. ट्रेलरचे हब, पाटे, दिवे कधीच बुडत नाहीत. शक्य असेल त्या प्रत्येकाने हेच करावं असं माझं ठाम मत आहे.

हब पाण्यात जातोच. बेअरिंग वाचवायचं कसं?

लांबून आल्यावर हब गरम असतो. तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून पोचल्यावर लगेच उतारावर जाऊ नका. अर्धा तास थांबा. बोट तयार करायची ती याच वेळात: मागचे पट्टे सोडा, तळाचं बूच लावा, दोर बांधा, दिव्यांचा प्लग काढा.

ग्रीस पाण्याला टिकणारं, मरीन प्रकारचं वापरा आणि दोन वेगळ्या जातींचं ग्रीस एकत्र करू नका. काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात. हबवर स्प्रिंगची टोपी बसवली तर आत ग्रीसचा थोडा दाब राहतो आणि पाणी शिरत नाही. ग्रीसगन जोरात मारून मागचं सील उडवू नका. हंगाम संपला की बेअरिंग उघडून, धुऊन, नव्याने भरा. नट चाक फिरवत घट्ट करा, मग किंचित सैल करा, नवी स्प्लिट पिन घाला. प्रवासात चहाला थांबाल तेव्हा चारचौघांसमोर संकोच न करता प्रत्येक हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबा.

खाऱ्या पाण्यातून निघाल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, चेसिसचा पाइप बंद असेल तर आतूनही. नवीन ट्रेलर बनवणार असाल तर समुद्रासाठी बंद पाइपपेक्षा उघडं चॅनल आणि वेल्डिंग झाल्यावर केलेलं गॅल्व्हनायझिंग घ्या.

प्रवासात बोट कशी बांधावी?

विंचचा पट्टा हा बांधण्याचा पट्टा नाही. नाळेला वेगळी साखळी, आणि मागे दोन रॅचेट पट्टे थेट ट्रेलरच्या चेसिसला. इंजिन उचलून ठेवलं असेल तर त्याच्या खाली आधाराचा दांडा द्या. नुसत्या टिल्टच्या (इंजिन उचलून धरणाऱ्या) खुंटीवर सोडलं तर मागच्या फळीवर हिसके बसतात. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणा.

घाट उतरताना काय सांभाळायचं?

ताम्हिणी, वरंध किंवा आंबा घाटात उतरताना गिअर सुरुवातीलाच खालचा घ्या आणि इंजिनला गाडी धरू द्या. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वळणावर पोकळ लागतो. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. आपल्या घाटांत तर त्याहून कमी वजनालाही ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला रेटू लागला की आपोआप लागणारा) लावून घ्यावा.

ट्रेलर डुलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका आणि उलटं वळवून डोल थांबवायला जाऊ नका. वेग उतरला की तो थांबतो. मग बाजूला उभे राहून वजन पुढे घ्या. एकदा डुललेला ट्रेलर तसाच पुढे नेऊ नका.

खाडीवर फेरीबोटीने गाडी पलीकडे नेणार असाल, दाभोळ-धोपावेसारख्या ठिकाणी, तर ट्रेलर घेतात का ते आधी विचारा. चढ-उताराच्या फळीवर दांड्याचा पुढचा भाग किंवा शेपटी घासते, म्हणून जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन बांधा.

कागदपत्रं आणि दिवे?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. विमा कंपनीला ट्रेलर ओढत असल्याचं लेखी कळवा. दिवे एलईडीचे, सीलबंद घ्या. दिवे मिणमिणत असतील तर दहातल्या नऊ वेळा अर्थिंगची वायर गंजलेली निघते. ती चेसिसला न लावता स्वतंत्र वायरने प्लगपर्यंत आणा.

सगळी जुळणी झाली. पहिली फेरी कशी करू?

जवळचीच, सपाट रस्त्याने, दिवसा. ५० किलोमीटरच्या आत थांबून यू-बोल्ट, चाकांचे नट, बंकचे ब्रॅकेट आणि विंचचा खांब पुन्हा पान्याने आवळा. नव्याने बसवलेलं लोखंड पहिल्या धक्क्यांत बसतं आणि नट सैल पडतात. टायरच्या कडांना भेगा नाहीत ना, स्टेपनीत हवा आहे ना आणि जॅक ट्रेलरच्या ॲक्सलखाली जातो ना, हे घरीच तपासा, कारण गाडीचा जॅक अनेकदा तिथे बसत नाही. परत आल्यावर काट्यावर दांड्याचं वजन एकदा पुन्हा मोजा आणि तो आकडा रंगाने दांड्यावरच लिहून ठेवा.